शेताला लागून कोळसा खाणीचा मातीचा ढिगारा आहे. पावसाळ्यात तो घसरेल का, आणि खाणवाले पाहणी करतात म्हणजे काय बघतात?

घसरू शकतो. मी वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या खुल्या खाणींत बावीस वर्षं सर्व्हेचं काम केलं, आणि माझी झोप उडवली ती उंचीपेक्षा पाण्यानं.

उंचीचा नियम सरळ आहे. कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ प्रमाणे ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, आणि ३० मीटरच्या वर गेला की पायऱ्या, म्हणजे आमच्या भाषेत बेंच, पाडायचे. हे यंत्रानं मोजता येतं, कागदावर येतं. पण आपल्याकडे वर काळी माती, खाली वाळूखडक आणि चिकणमाती. ओबी, म्हणजे कोळशावरून काढलेली माती-दगड, टाकताना काळी माती आधी खरवडून बाजूला केली नाही आणि तिच्यावरच डंप, म्हणजे हा ढिगारा, उभा राहिला, तर ओली झाल्यावर ती साबणासारखी होते. वरचा उतार अगदी नियमात असला तरी अख्खा ढीग बुडातून सरकतो.

म्हणून पाहणी पायथ्यापासून सुरू करायची. पायथ्याची जमीन फुगलीय का, तिथली बाभळ किंवा कुंपणाचा खांब कलतोय का, ते बघायचं. पायथ्याशी निथळ पाणी झिरपत असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. तेच पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा नव्या जागी फुटलं, तर आतून माती वाहतेय असं धरायचं. मग वर जायचं. कडेला समांतर भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजायचं आणि भेग चिकणमातीनं बुजवायची, नाहीतर पुढच्या पावसाचं पाणी थेट पोटात. बेंचचा उतार आतल्या बाजूला हवा. बाहेर असला की पाणी कडेवरून उड्या मारत येतं आणि घळी पाडतं.

आणि गारलँड ड्रेन. डंपभोवतीचा हा चर पाणी अडवून सेटलिंग टँकमध्ये नेतो, गाळ तिथं बसतो, पाणी पुढे नाल्याला जातं. टँक गाळानं भरलेला असेल तर तो नसल्यातच जमा. तुमच्या शेतात चिखल येत असेल तर त्याचं कारण बहुधा हेच.

माझीच गोष्ट सांगतो. एका खाणीत मे महिन्यात चर साफ झाल्याच्या कागदावर मी सही केली. रस्त्यालगतचा भाग जीपमधून पाहिला होता, चकाचक होता. मागच्या वळणावर बेशरमाचं रान माजलेलं, तिकडे गेलोच नाही. जुलैत एका रात्री चर तिथंच तुंबला, पाणी पायथा पोखरत गेलं आणि पहाटे बेंचचा एक तुकडा खाली बसला. माणूस दगावला नाही. पलीकडच्या शेतकऱ्याची पऱ्हाटी मात्र गाळाखाली गेली. तेव्हापासून मी पाहणी पावसात, छत्री घेऊन, पायी केली. कोरड्या दिवसात सगळेच चर चांगले दिसतात.

एक गोष्ट तुम्हाला खाणीतल्या इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत असेल: डंप होण्याआधी तिथून ओढा वाहायचा का? झरा होता का? वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीचा ढिगारा कोसळला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. तो ढीग झऱ्यांवर रचलेला होता. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जुना नकाशा काढा, आणि अर्जात ते आवर्जून लिहा.

अर्ज खाण व्यवस्थापकाला द्या, पोच घ्या. ढिगाऱ्याच्या धोक्याबद्दल प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाला; मुख्यालय धनबादला असलं तरी नागपुरात कार्यालय आहे. गढूळ पाण्याबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला.

स्वतः डंपवर चढू नका, आणि पाऊस चालू असताना पायथ्याशीही जाऊ नका. बांधावरूनच, दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा. चौकटीत एखादा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे ढीग पुढे सरकलाय का ते दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं.