स्वप्नातल्या बॅजवर दुसरीचं नाव

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी मला बढती मिळाली. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे एकच स्वप्न पडतं. मोठी परिषद भरलेली असते, कामातले ओळखीचे सगळे समोर बसलेले असतात. मी बोलायला उभी राहते आणि आवाजच फुटत नाही. खाली बघते तर गळ्यातल्या बॅजवर माझ्या आधीच्या सहकारी मैत्रिणीचं नाव. (तिला कामावरून कमी केलं होतं.) पुढच्या महिन्यात मला खरोखरच एका परिषदेत बोलायचं आहे. पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. हे आधी सांगते, मग बाकीचं बोलू.

पहाटेच्या स्वप्नाची भीती आधी घालवूया. आपली झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा येतो की मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ साली तो नोंदवला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात आणि रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो. शिवाय पहाटे त्यातूनच जाग येते, म्हणून स्वप्न लख्ख आठवतं. त्यात भविष्य वगैरे काही नाही.

आवाज न फुटण्याचं म्हणाल, तर स्वप्नांचा अभ्यास करणारे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेली एक गोष्ट मला फार धीर देते. न्यायवैद्यकाच्या परीक्षेत ते नापास झाले होते, पण ती परीक्षा त्यांच्या स्वप्नात कधी आली नाही. यायच्या त्या वनस्पतिशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या. म्हणजे धाकधुकीत दिलेल्या, पण सुटलेल्या! तुम्हीही याआधी चारचौघांत बोलला असालच, त्याशिवाय ही जागा मिळाली नसती.

आता बॅज. स्वप्नांचे अर्थ सांगणारी पुस्तकं उघडून बॅज म्हणजे अमुक, व्यासपीठ म्हणजे तमुक असं शोधत बसू नका. त्या क्षणी पोटात काय झालं, ते आठवा. भीती होती की लाज? माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या कंसाकडे गेलं. सगळं मोकळेपणाने लिहिलंत आणि मैत्रिणीचं तेवढं कंसात टाकलंत. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण उगाच म्हणत नाही. ती गेल्यापासून तुमचं तिच्याशी बोलणं झालंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल, तर दिवसा जे टाळताय ते पहाटे गळ्यात येऊन पडतंय.

तिला फोन करा. स्वप्न सांगू नका, तो भार तिच्यावर नको. तिला काढण्याचा निर्णय तुमचा नव्हता, त्यामुळे त्याची माफीही मागू नका. “बरेच दिवस बोलायचं होतं, धीर होत नव्हता,” एवढं म्हणा आणि ती कशी आहे ते ऐका. ती तुटक बोलेल, कदाचित रागावेलही. तो तिचा हक्क आहे.

स्वप्नासाठीही एक उपाय आहे. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर तज्ज्ञही तो वापरतात. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न कागदावर उतरवा आणि हवं तिथून बदला. बॅज उलटा करा आणि मागे तुमचं नाव लिहा, किंवा मैत्रिणीलाच पहिल्या रांगेत बसवा. ही नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा. अंथरुणात पडल्यावर मात्र नको. एवढं करूनही झोपमोड थांबली नाही किंवा दिवसभर अंगात त्राण राहिलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात संकोच कसला?

फोन मात्र याच आठवड्यात करा. परिषदेच्या आदल्या रात्रीपर्यंत ठेवू नका.