फ्लोअरमनचं काम यंत्राकडे चाललंय. मग मुलाने रिगवर कोणत्या दाराने शिरावं?

उरणच्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगा आयटीआय फिटर, वय २०. त्याचा मामा मुंबई हायमधल्या जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी, विहीर खोदणारी रिग) फ्लोअरमन आहे, म्हणजे ड्रिल फ्लोअरवर पाइप जोडणारा कामगार. यालाच रफनेकही म्हणतात. एक एजंट सव्वादोन लाखांत ‘रफनेक कोर्स आणि रिगवर हमखास नोकरी’ देतो म्हणतोय. मोबाइलवर मात्र रिकाम्या ड्रिल फ्लोअरवर रोबोट पाइप जोडताना दिसतात. पैसे भरावेत का, आणि दहा वर्षांनी हे काम उरेल का, असं त्यांनी विचारलंय.

सप्रेम नमस्कार,

पैसे भरू नका. एवढं आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मुलाचे मामा करतात ते काम असं. एक ड्रिल पाइप साधारण ३१ फुटांचा. पाच इंची असेल तर वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. स्लिप नावाच्या पाचरी लावून खालचा पाइप धरायचा, वरचा त्यात बसवायचा, दोन टाँग (मोठे पाने) मारून आटे आवळायचे. पाइप बाहेर काढताना तीन-तीनचा एक स्टँड उभा करायचा, आणि नव्वदेक फूट उंचीवर डेरिकच्या (रिगच्या मनोऱ्याच्या) मंकी बोर्ड नावाच्या फळीवर उभा असलेला डेरिकमन त्याचं वरचं टोक ओढून रॅकमध्ये लावतो. बोटं जायची ती याच कामात. आता रुळावरून पुढे येणारा आयर्न रफनेक हे यंत्र आटे आवळतं, पाइप हँडलर स्टँड हलवतो, आणि ड्रिलर काचेच्या केबिनमध्ये जॉयस्टिक धरून बसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत पर्मियन खोऱ्यात नेबॉर्स कंपनीच्या ‘पेस-आर८०१’ या रिगने एक्झॉनमोबिलसाठी रोबोटच्या मदतीने विहीर खोदली. म्हणजे तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत.

तरी मुंबई हायमध्ये हे सगळं उद्या सकाळी होणार नाही, आणि त्याचं कारण तंत्रापेक्षा हिशेबात जास्त आहे. भाड्याच्या रिगला बहुतेक वेळा दिवसाप्रमाणे पैसे मिळतात. रोबोटचा खर्च रिगमालकाचा. त्यामुळे विहीर चार दिवस आधी झाली तर फायदा तेल कंपनीचा, मालकाचं मात्र चार दिवसांचं भाडं बुडालं. लवकर काम संपवल्याबद्दल बोनस करारात नसेल तर तो कशाला खर्च करेल? शिवाय जुन्या डेरिकमध्ये नव्या यंत्राला जागा पुरत नाही, हायड्रॉलिक पॉवर युनिट अपुरं पडतं आणि बसवायला रिग यार्डात न्यावी लागते. म्हणून आधी आयर्न रफनेक येतो, पुढचं रेंगाळतं.

एक गोष्ट पत्रात नाही, पण ती रोबोटपेक्षा मोठी आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत १,९००हून अधिक रिग चालू होत्या. मे २०१६ मध्ये त्या ४००च्या आसपास उरल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये २४४. हे रोबोटने केलं नाही, तेलाच्या भावाने केलं. रिगवरच्या माणसाने अशा मंदीच्या दोन वर्षांसाठी किनाऱ्यावर चालेल असं दुसरं कसब हाताशी ठेवलंच पाहिजे.

आता यंत्र कुठे अडतं ते पाहू, कारण मुलाची जागा तिथेच आहे. आयर्न रफनेकचा जबडा टूल जॉइंटवर (पाइपच्या टोकाच्या जाड, आट्यांच्या भागावर) नेमक्या उंचीवर बसावा लागतो. पाइप स्लिपमध्ये थोडा वर-खाली राहिला तर जबडा हार्डबँडिंगवर (झीज रोखायला चढवलेल्या कठीण धातूच्या पट्ट्यावर) चढतो आणि डाय (जबड्याचे दातेरी तुकडे) घसरतात. डायच्या दातांत मड (विहिरीत फिरवला जाणारा पातळ चिखल) आणि डोप (आट्यांना लावायचं ग्रीस) साचला तरी तेच. आवळण कमी पडली की आट्यांतून मड झिरपून धातू खातो. जास्त झाली की बॉक्स, म्हणजे आतून आटे असलेलं टोक, फुगतो. याहून चिवट त्रास सेन्सरचा. जबडा मिटला हे सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर काही मिलिमीटरवरचं लोखंड ओळखतो. समोरची पट्टी जराशी वाकली की सिग्नल येत नाही, पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) वाटतं जबडा उघडाच आहे, आणि इंटरलॉक (सुरक्षेचा अडसर) पुढची हालचाल रोखतो. उलट सेन्सरच्या तोंडाशी लोखंडी कीस चिकटला तर जबडा उघडा असूनही ‘मिटला’ असा सिग्नल जातो. या दुसऱ्या प्रकारात माणसाचा जीव जातो. वैतागून इंटरलॉक बायपास करणारे अशा अपघाताला हातभार लावतात.

ड्रॉवर्क्सचंही, म्हणजे पाइप वर-खाली करणाऱ्या मोठ्या विंचचंही, तसंच. ड्रिलिंग लाइन, म्हणजे विंचचा तारदोर, सरकवून कापली की ब्लॉकची (पाइप टांगणाऱ्या कप्पीची) उंची एन्कोडरला (फेरे मोजणाऱ्या सेन्सरला) नव्याने शिकवावी लागते. कोणी विसरलं तर संगणकाच्या मते ब्लॉक खाली असतो आणि प्रत्यक्षात क्राउनला (मनोऱ्याच्या माथ्याला) भिडायला आलेला असतो. मडच्या टाकीवर फेस आला की अल्ट्रासोनिक सेन्सर फेसालाच पातळी समजतो. टाकीतली वाढ ही किकची, म्हणजे विहिरीत तेल-वायू घुसल्याची, पहिली खूण, त्यामुळे तो आकडा चुकला तर ड्रिलर नुसता केबिनमध्ये बसून काय करणार?

म्हणून फ्लोअरमनच्या दाराने जाऊ नये, इन्स्ट्रुमेंटेशन आणि हायड्रॉलिक्सच्या दाराने जावं, असं माझं मत. फिटर असणं वाया जात नाही. व्हॉल्व्ह, सील, होज त्याला कळतात. त्यावर वीज आणि सिग्नल चढवायचे. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल शाखा मिळते का, ते तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. शिकतानाच एक जुना पीएलसी, २४ व्होल्टचा पुरवठा आणि एक प्रॉक्सिमिटी सेन्सर घेऊ द्या. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. वर सांगितलेल्या दोन्ही चुका त्याने टेबलावर मुद्दाम घडवून पाहाव्यात. मग ट्रान्समीटर (मोजमापाचा सिग्नल पाठवणारं उपकरण): ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांना ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर आलेच पाहिजेत. हे हातात बसलं की थळच्या खत कारखान्यातही काम आहे आणि रिगवरही.

ओएनजीसी शिकाऊ उमेदवार घेते तेव्हा जाहिरात तिच्या संकेतस्थळावर येते. त्यात एजंटला जागाच नाही.

बोसिएट, म्हणजे समुद्रात जगण्याचं आणि उलट्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण, लागतंच. पण ते चारच वर्षं चालतं. नोकरी ठरण्याआधी केलं तर त्याची मुदत घरी बसूनच संपते. एजंट नेमकं तेच आधी विकतात. वेल कंट्रोलची (विहिरीतला दाब ताब्यात ठेवण्याची) आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची ड्रिलर आणि सुपरवायझरसाठीची प्रमाणपत्रं दोन वर्षांची. ड्रिलरला तिसरी पातळी लागते, सुपरवायझरला चौथी.

मला स्वतःला काळजी वाटते ती शिडीची. आजवरचा ड्रिलर फ्लोअरमन, डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर असा वर आला. खालच्या पायऱ्या गेल्या तर नवा ड्रिलर पडदा वाचायला कुठे शिकणार? २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर निगेटिव्ह प्रेशर टेस्टच्या (दाब कमी करून विहीर नीट बंद आहे ना हे पाहण्याच्या चाचणीच्या) वेळी ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता. आकडा समोर होता, अर्थ चुकीचा लावला गेला, आणि त्या रात्री स्फोटात ११ माणसं गेली. म्हणून मुलाने तंत्रज्ञ म्हणून शिरलं तरी वेल कंट्रोल समजून घ्यावंच.

मामा क्रू चेंजला घरी आले की मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि तीन गोष्टी विचारायला सांगा. तुमच्या रिगवर कनेक्शन टाँगने होतं की आयर्न रफनेकने? मागच्या महिन्यात यंत्रामुळे काम कशाकशाने थांबलं? आणि रात्री दोनला ते थांबतं तेव्हा झोपेतून कोणाला उठवतात?