मनोरुग्णालयात काम करायचंय, पण पीएच.डी. पुरेल का?

पत्र वर्तकनगर, ठाणे इथल्या एका आईंचं आहे. थोडक्यात असं: 'मुलगी मानसशास्त्रात एम.ए. आहे. आयटी कर्मचाऱ्यांच्या ताणावर तिने पीएच.डी.चा प्रबंध नुकताच सादर केला. आता म्हणते, अमेरिकेत जाऊन प्रौढांच्या मनोरुग्णालयात पोस्ट-डॉक करायचं. हे शिक्षण की नोकरी? तिशी आली, अजून किती शिकायचं? घरचे म्हणतात, मेंटल हॉस्पिटलात कशाला कडमडायचं?'

ताई, आधी पोस्ट-डॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतर करायच्या कामाचं बघू. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि मुलीचा घोळ तिथेच झाला असावा.

एक असतं संशोधनाचं पोस्ट-डॉक. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर पगारी काम करायचं, माहिती गोळा करायची, शोधनिबंध लिहायचे. तिच्या पीएच.डी.वर यासाठी अर्ज करता येतो, परदेशातसुद्धा. दुसरं असतं रुग्णसेवेचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ म्हणून परवाना काढणारी मंडळी आधी क्लिनिकल (म्हणजे रुग्णांच्या तपासणी-उपचाराशी जोडलेल्या) किंवा समुपदेशन मानसशास्त्रात डॉक्टरेट करतात. त्या अभ्यासक्रमातच रुग्ण पाहायचं प्रशिक्षण असतं, शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते आणि त्यानंतर बहुतेक वेळा आणखी एक वर्ष वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम. मेंदूविकारांच्या चाचण्यांत तज्ज्ञ व्हायचं तर दोन वर्षं. तासांचे नियम राज्यागणिक बदलतात आणि वर परवान्याची परीक्षा असतेच. मनोरुग्णालयातल्या फेलोशिपच्या जाहिराती या दुसऱ्या प्रकारातल्या. प्रश्नावल्या भरून घेऊन केलेली पीएच.डी. कितीही चांगली असली तरी तिथे चालत नाही. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत तर या प्रशिक्षणार्थींना अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं.

आपल्याकडेही गोष्ट वेगळी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते लिहून ठेवलंय: भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेची क्लिनिकल पात्रता, किंवा एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या रुग्णप्रशिक्षणासह. नुसत्या पीएच.डी.ने हे नाव लावता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलीने वरचा मजला आधी बांधलाय. जिना अजून व्हायचाय.

माझा सल्ला सरळ आहे. तिला रुग्णांसोबत काम करायचं असेल तर अमेरिकेचं सध्या बाजूला ठेवा आणि तिला इथे आरसीआयमान्य क्लिनिकल प्रशिक्षण घेऊ द्या. पीएच.डी.नंतर पुन्हा विद्यार्थिनी व्हायला कमीपणा वाटेल, पण त्याला इलाज नाही. तिशी म्हणाल, तर या क्षेत्रात ते काही उशिराचं वय नव्हे. पदवी वायाही जात नाही. पुढे शिकवायला आणि रुग्णालयातल्या संशोधनात ती कामाला येते.

मात्र त्याआधी तिने वॉर्ड पाहावा, कारण मनातलं मनोरुग्णालय आणि खरं मनोरुग्णालय यांत फार अंतर असतं. ते तर तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ चं. राज्यात अशी चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. ठाण्याची क्षमता १८५० खाटांची. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण आत कोण असतं हे क्वचितच कोणी पाहिलेलं असतं. घरच्यांनी आणलेले असतात, कोर्टाच्या आदेशाने आलेले असतात, रस्त्यावर भटकताना पोलिसांना सापडलेलेही असतात. आणि बरे होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून राहिलेले.

तिथलं मानसशास्त्रज्ञाचं काम सिनेमातल्या कोचावरच्या गप्पांसारखं नसतं. समोर बसलेल्याला आधी वार विचारायचा, सकाळी नाश्त्याला काय होतं ते विचारायचं. मग 'पाच, दोन, नऊ' असे आकडे सांगून उलटे म्हणायला लावायचे. मग एखादी म्हण: 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणजे काय हो? 'अंगण सारवलं नसेल' असं उत्तर आलं तर विचार शब्दशः चाललाय का, अशी नोंद घ्यायची. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढायचा नाही. माणूस भोजपुरी बोलणारा असला तर ती म्हण त्याला ठाऊकच नसणार. हा विवेक पुस्तकातून येत नाही. कोणी वरिष्ठ शेजारी बसून 'हे पुन्हा विचार' म्हणतो तेव्हा येतो. त्याशिवाय बुद्ध्यंकाच्या चाचण्या, रोर्शाक चाचणीची शाईच्या डागांची दहा कार्डं, आत्महत्येचा धोका जोखणं, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मूल्यांकन आणि नातेवाइकांना आजार समजावून सांगणं. शेवटचं सगळ्यात दमवणारं. औषधं चालू ठेवा हे एकाच घरातल्या चौघांना चार वेगळ्या तऱ्हांनी सांगावं लागतं.

विद्यापीठाच्या विभागाचं पत्र घेऊन तिने रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे निरीक्षणाची परवानगी मागावी. तिथे नाही जमलं तर एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा पुनर्वसन केंद्रात विचारावं. थोडे दिवस पाहिल्यावर तिचं तीच सांगेल, वॉर्ड हवा की संशोधन. संशोधन हवं असेल तर अमेरिकेचे अर्ज जरूर करू द्या, पण ते संशोधनाच्या जागांचे.

सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे, पण अवाजवी वाढवू नका. मनोविकार असलेले बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. जे थोडं सांभाळायचं असतं ते शिकवलं जातं: खुर्ची दाराजवळ, गळ्यात ओढणी किंवा लांब माळ नको, माणूस अस्वस्थ दिसला तर मुलाखत थांबवायची आणि परिचारिकांना सांगून ठेवल्याशिवाय एकटीने बसायचं नाही. मुलगी म्हणून कमी पडेल, हे तर सोडूनच द्या. या विषयाच्या कुठल्याही वर्गात डोकावलात तर मुलीच जास्त दिसतील.

आता पैशाचं. एम.फिल. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती. पुढे आरसीआयने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आखलेत. इथेच फसगत होते. 'क्लिनिकल सायकॉलॉजी' असं नाव असलेले पण आरसीआयची मान्यता नसलेले अभ्यासक्रमही बाजारात आहेत, आणि त्यांची माहितीपत्रकं सगळ्यांत गुळगुळीत. 'मान्यता प्रक्रियेत आहे' असं कोणी म्हणालं तर उठून या. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही तिच्या प्रवेशाच्या वर्षाशी जुळत असतील तरच फी भरा.