लहरींवर तारीख नसते

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून भूकंपशास्त्राकडे यायचं आणि त्यातही 'पृथ्वीवर प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे भूपट्टांची हालचाल, कधी सुरू झालं' हाच प्रश्न धरायचा, हे वाचून बरं वाटलं. थोडी धास्तीही वाटली. या प्रश्नाकडे येणारी बरीच मुलं भूकंपलहरींवरून काढलेली चित्रं बघून येतात: लाल-निळे डाग, खाली तिरकी गेलेली एक रेघ, आणि शेजारी ठोकून दिलेलं वाक्य, की ही अब्जावधी वर्षांपूर्वी बुडालेली प्लेट.

भूकंपलहर फक्त आजची पृथ्वी दाखवते. जुन्या वाड्याचा नकाशा हातात आला तर भिंती दिसतात, कुठली भिंत कोणत्या पिढीत उठली ते कळत नाही, इथेही तसंच. वय खडकातून काढावं लागतं, मुख्यतः झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून. एक उदाहरण नीट अभ्यास. कॅनडात 'लिथोप्रोब' प्रकल्पात जड ट्रकांच्या पोटाखालची पाटी जमिनीवर टेकवून ती थरथरवत आणि खोलवरून परतणाऱ्या लहरी नोंदवत. क्वेबेकमधल्या ऑपॅटिका पट्ट्याखाली मोहोपासून, म्हणजे कवच आणि खालचं प्रावरण यांच्या सीमेपासून, निघून प्रावरणात उत्तरेकडे उतरणारा परावर्तक, म्हणजे लहरी परतवणारा थर, सापडला. कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1995 साली तो सुमारे 269 कोटी वर्षांपूर्वीच्या सबडक्शनची, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली बुडण्याची, खूण म्हणून मांडला. यातलं 269 कोटी लहरींनी सांगितलेलं नाही, ते वरच्या खडकांकडून आलं. आणि नुसता उतार असता तर मी तरी विश्वास ठेवला नसता. वरच्या कवचातल्या संरचनांची दिशा त्याच्याशी जुळते, म्हणून दाव्यात दम आहे. बाल्टिक समुद्रातल्या 'बेबेल' सर्वेक्षणातही असाच, सुमारे 190 कोटी वर्षांपूर्वीचा पुरावा मांडला गेला. तो वाचताना हाच प्रश्न विचार: वय कुठून आलं?

आता आपल्याकडचं. धारवाड क्रेटॉनवर, म्हणजे दक्षिण भारतातल्या कवचाच्या त्या जुन्या, स्थिर तुकड्यावर काम करायचं म्हणतोस, उत्तम. तिथे 'रिसीव्हर फंक्शन' हे तुझं रोजचं हत्यार असेल. दूरच्या भूकंपाची पी लहर (आधी पोचणारी, वेगवान) खालून वर येते, मोहो ओलांडताना तिचा थोडा भाग एस (हळू जाणारी लहर) होतो आणि मागे रेंगाळतो. पूर्व धारवाडमध्ये, हैदराबादच्या बाजूला, हा उशीर साधारण चार सेकंदांचा, म्हणजे कवच 33 ते 35 किलोमीटर. पश्चिम धारवाडमध्ये काही ठिकाणी सहा सेकंद आणि वर, म्हणजे 50 च्या घरात. एकाच क्रेटॉनचे दोन भाग, आणि जाडीत एवढा फरक. का? जुन्या काळी कवच जाड झालं आणि तसंच टिकलं, की पूर्वेकडे नंतर खालून वितळून पातळ झालं? यावर अजून वाद आहेत, आणि मला तरी प्रबंधासाठी हाच भाग सगळ्यात सकस वाटतो.

पण सेकंदांचे किलोमीटर करताना सावध राहा. पी आणि एसच्या वेगांचं गुणोत्तर 0.1 ने चुकलं तर जाडी चार-पाच किलोमीटरने सरकते. म्हणून पहिल्या एसवर थांबू नकोस. मोहो आणि जमीन यांच्यामध्ये आपटून येणाऱ्या मागच्या लहरीही वाच.

स्टेशन उभारताना एक बारीक गोष्ट. महाराष्ट्रात बेसाल्टवर यंत्र बसवशील तेव्हा होकायंत्रावर भिस्त ठेवू नकोस. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, सुई सहज काही अंश सरकते. उत्तर चुकली की आडव्या घटकांचं गणित बिघडतं, आणि मग खोट्या अॅनायसोट्रोपीवर (दिशेनुसार लहरींचा वेग बदलण्यावर) लेख लिहिला जातो. सूर्याच्या सावलीवरून उत्तर काढ, नंतर पी लहरीच्या दिशेवरून पडताळ.

आणि या बेसाल्टखाली काय आहे ते विसरू नकोस. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर पातळ गाळथर आणि मग जुना पाया लागला. कोयनेत सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) यांचा पाया मिळाला. म्हणजे जुनं भूखंड आपल्या पायाखालीच आहे, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेलं. त्याचा अभ्यास लहरींनी आणि छिद्रांनी मिळूनच होईल.

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांबरोबर कर्नाटकातल्या होळेनरसीपूरला जा, नाइसमधले पट्टे हाताने मोज, त्यांच्याशी भांड. भौतिकशास्त्रातली मुलं कोड उत्तम लिहितात, पण खडकाला 'पॅरामीटर' म्हणतात.

बाकी वाचनाची यादी मागितलीस, ती नंतर. आधी हैदराबादच्या 'एचवायबी' स्टेशनचा डेटा उतरवून घे, तो खुला आहे. स्टेशनपासून 30 ते 90 अंश कोनीय अंतरावरचे, 5.5 च्या वरच्या तीव्रतेचे (मॅग्निट्यूड) भूकंप घे. रिसीव्हर फंक्शन काढ आणि इंडोनेशियाकडून आलेली लहर जपानकडून आलेलीशी वेगळी दिसते का ते बघ. 33 किलोमीटरच्या आसपास उत्तर आलं तर पाठवायची घाई नको. फार वेगळं आलं तर मात्र लगेच पाठव, आणि सरासरी न काढता एकेका भूकंपाची आकृती वेगवेगळी पाठव.

तुझा,
सर