खोल समुद्रातील पर्वत आणि मासेमारी बंदी

प्रश्न : पावसाळी बंदी उठल्यावर आपल्या किनाऱ्यावर मासळी पुन्हा मिळू लागते. खोल समुद्रातील पर्वतांवर तळावरून जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरनी केलेली हानीही काही वर्षांच्या बंदीने भरून निघेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : न्यूझीलंडचा अनुभव पाहता तशी आशा धरता येत नाही. त्या देशाच्या पूर्वेकडील चॅटम राइज या सागरी उंचवट्यावर लहान पर्वतांचा एक समूह असून, त्यांपैकी ‘मॉर्ग’ नावाच्या पर्वतावर २००१ पासून ट्रॉलिंगला बंदी आहे. पंधरा वर्षांनंतरही तेथील प्रवाळ सावरल्याची ठळक चिन्हे कॅमेऱ्यांना आढळली नाहीत.

ट्रॉलर तेथे गेले ते ऑरेंज रफी या माशासाठी. रात्री वर आलेले सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर शिखरावर येतात आणि पहाटे खोल पाण्यात परतताना त्यांची वाट शिखरच अडवते. माशांना आयते अन्न मिळते. विणीच्या काळात रफीचे दाट थवे अशाच शिखरांवर जमतात, त्यामुळे जाळ्याच्या एका ओढीत अनेक टन मासळी येई. बांगडा साधारण वर्ष-दोन वर्षांत प्रजननक्षम होतो, रफीला मात्र त्यासाठी वीस-तीस वर्षे लागतात आणि तो शंभरी ओलांडतो, म्हणजे पकडलेला मासा आपल्या पणजोबांच्या वयाचाही असू शकतो.

प्रवाळाची गती याहून मंद आहे. तेथील दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो. त्याच्या फांद्यांच्या जाळीत भंगुरतारे (ताऱ्याच्या आकाराचे, तारामाशांचे नातलग), खेकडे, कृमी राहतात, आणि जड रूळ लावलेले जाळे त्यावरून फिरले की शतकांची ही वाढ काही मिनिटांत चुरा होऊन उघडा खडक उरतो.

म्हणून माझ्या मते बंदीचा खरा उपयोग जाळे कधीच न फिरलेल्या पर्वतांवर आहे, आणि ती तेथे आधीच घालायला हवी. जानेवारी २०२६ मध्ये अमलात आलेल्या खुल्या समुद्रांच्या करारामुळे राष्ट्रांच्या हद्दीबाहेरही संरक्षित क्षेत्रे ठरवता येतील. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही : श्रीलंकेच्या दक्षिणेकडील अफनासी निकितिन या सागरी पर्वतावरील कोबाल्टयुक्त थरांच्या शोधासाठी भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला आहे, आणि खनिजांचा थर खरवडायचा म्हणजे त्यावर रुजलेले प्रवाळ व स्पंजही खरवडायचे. तेथील जीवांची सविस्तर पाहणी खाणकामाचा कोणताही निर्णय होण्यापूर्वी झाली पाहिजे.