दिवा पांढरा आहे, मग मशीन मेलेलं नाही

प्रश्न : भाऊ, मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या माझ्या भावानं मुलाला वापरलेलं प्लेस्टेशन 4 स्लिम 14,000 रुपयांत घेऊन दिलं. मृगाच्या पहिल्या पावसात रात्री वीज कडाडली. सेट टॉप बॉक्स त्याच रात्री गेला, टीव्ही वाचला. प्लेस्टेशन सुरू होतं, पंखा फिरतो, बटणाजवळचा दिवा पांढरा लागतो आणि तसाच राहतो, पण टीव्हीवर काही येत नाही. नागपूरला एका दुकानात नेलं. त्यानं आपल्या टीव्हीला लावून पाहिलं आणि न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेलं, 7,500 लागतील, गॅरंटी नाही." मुलाचे बाबा म्हणतात, भंगारात टाक. मुलगा नववीत आहे. तीन वर्षांचा त्याचा फुटबॉलचा खेळ त्यात आहे म्हणून रडतो. बचत गटातून उचल घेऊन दुरुस्त करू का?

उत्तर : ताई, उचल घेऊ नका. भंगारातही टाकू नका.

तुमच्या पत्रातली पांढऱ्या दिव्याची ओळ मी तीनदा वाचली. या मशीनचा मुख्य बोर्ड खरंच बसला, तर दिवा बहुतेक वेळा निळा लुकलुकतो आणि थोड्या वेळात मशीन आपोआप बंद पडतं. पांढरा दिवा टिकून आहे याचा अर्थ मशीन आतून सुरू होतंय, फक्त चित्र बाहेर येत नाही. आणि त्याच रात्री सेट टॉप बॉक्स गेला, हेही तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा अंदाज असा, की विजेचा झटका छतावरच्या छत्रीतून केबलनं बॉक्समध्ये उतरला, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयच्या वायरनं प्लेस्टेशनमध्ये. त्या वाटेवर पहिली भेटते ती वायर बसते ती खाच, 19 पिनांची, आणि तिच्या मागे चित्र पाठवणारी आयसी, म्हणजे छोटी चिप. हिंगणघाटला माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात अशी मशीनं येतात. त्यातल्या बहुतेकांची हीच आयसी उडालेली असते.

आधी घरी एक बिनपैशाची तपासणी करा. मशीन पूर्ण बंद करा. दुसरी एचडीएमआय वायर लावून पाहा, आणि ती टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत घालूनही पाहा. मग चालू करायचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच येईल, दुसरी साधारण सात सेकंदांनी, तेव्हा सोडा. याला सेफ मोड म्हणतात. खेळायचा रिमोट यूएसबी वायरनं मशीनला जोडावा लागतो, नाहीतर चालत नाही. यात चित्र दिसलं तर आयसी शाबूत आहे. दुसऱ्या क्रमांकावरचं रिझोल्यूशन बदलण्याचं कलम निवडून पाहा, कदाचित तेवढ्यावरच भागेल. इथेही काळोखच असला तर बोर्ड उघडावा लागेल.

आता 7,500 चं. न उघडता आकडा सांगणारा माणूस बहुधा आयसी बदलणार नाही, दुसऱ्या जुन्या मशीनचा बोर्ड बसवणार. त्यात तुमचं नुकसान.  या मशीनची हार्ड डिस्क तिच्या मूळ बोर्डाच्या चावीनंच उघडते. म्हणजे बोर्ड बदलला की मुलाचा तीन वर्षांचा खेळ गेला. उलट खाच किंवा आयसी बदलताना हार्ड डिस्कला हात लावावाच लागत नाही. म्हणून दुकानात पहिलं वाक्य हेच सांगा : बोर्ड बदलायचा नाही, फॉरमॅट मारायचं नाही.

माझ्याकडे खाच बदलायचे 1,500 आणि आयसीसकट 2,800 पर्यंत होतात. तुमच्यासाठी मी 3,000 ची रेघ ओढतो. त्याच्या आत असेल, आधी उघडून मल्टिमीटरनं तपासून नेमका बिघाड सांगणार असेल आणि महिनाभराची हमी देणार असेल, तर करा. 7,500 म्हणजे 2025-26 च्या 8,110 च्या हमीभावानं जवळपास एक क्विंटल लांब धाग्याचा कापूस. तेवढे पैसे जुन्या मशीनवर, हमीशिवाय, मी माझ्या बहिणीला घालू देणार नाही.

"बोर्ड गरम करून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. हे मी स्वतः केलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी एका खेड्यातला पोरगा निळा दिवा लुकलुकणारं मशीन घेऊन आला. मी मुख्य चिपवर गरम हवा मारली, चित्र आलं, 2,000 घेतले. पोरगा खूश होऊन गेला आणि बाविसाव्या दिवशी बसनं परत आला. मशीन पुन्हा बंद. त्या उष्णतेनं सांधा काही दिवस धरतो, बरा होत नाही. मी पैसे परत दिले, पण त्याची बापासमोर मान खाली गेली ती मला भरून देता आली नाही. तेव्हापासून मी तो इलाज बंद केला.

नवीन घेण्याचा विचार मनात असेल तर एवढं सांगतो. प्लेस्टेशन 5 फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात आलं तेव्हाच सीडीवालं 49,990 ला होतं. ते तुमच्या हिशेबात सध्या येत नाही, आणि यायची गरजही नाही.

दुरुस्त होऊन आलं की ते कुठं ठेवता याकडे लक्ष द्या. भाव येईपर्यंत आपण कापूस घरातच भरून ठेवतो, आणि त्याचे तंतू पंख्यात जाऊन बसतात. त्या खोलीत मशीन नको. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतातही नको, त्या ओल्या हवेनं पिना गंजतात. आभाळ भरून आलं की प्लग काढा, एचडीएमआयची वायर काढा आणि छत्रीची केबलही काढा. नुसता स्विच बंद करून वीज थांबत नाही, आणि स्टॅबिलायझरही तिला अडवत नाही. अवकाळीत, मार्च-एप्रिलमध्येसुद्धा हे पाळा.

आणि मुलाच्या बाबांना माझा निरोप द्या. पोरगा संध्याकाळी घरात, तुमच्या डोळ्यांसमोर, चुलतभावांसोबत खेळतो. वावरातून थकून आलेल्या माणसाला ते खेळणं वाटणं साहजिक आहे, पण ती वस्तू त्यानं तीन वर्षं जपली आहे. दुकानात जाताना मुलालाच सोबत घ्या. मशीन उघडताना त्याला शेजारी उभं राहू द्या, आणि काढलेली जुनी आयसी कागदात बांधून मागून घ्या.