सहा जणांची टीम रात्री नऊपर्यंत बसते, तरी स्प्रिंट पूर्ण होत नाही. टीमची प्रॉडक्टिव्हिटी कशी वाढवू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नुकतेच टीम लीड झालात, सहा जणांची टीम, क्लायंट न्यूयॉर्कचा, स्प्रिंट (ठरवलेलं काम संपवायची मुदत) दोन आठवड्यांचा. पोरं मेहनती आहेत, उशिरापर्यंत थांबतात, पण स्प्रिंट संपताना निम्मं काम 'ऑलमोस्ट डन' म्हणून लटकलेलं असतं. मॅनेजर म्हणतात, टीमला जरा पुश करा.

पुश करू नका. निदान आत्ता तरी नको.

तुमच्या प्रश्नात ओझरते दोन आकडे आलेत, सगळी गोम त्यातच आहे. कामांच्या बोर्डावर 'चालू' अवस्थेत तीसेक तिकिटं (एक तिकीट म्हणजे नोंदवलेलं एक काम) आहेत आणि आठवड्याला साधारण सहा पूर्ण होतात. आता हिशोब करा. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला: एखादं काम आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो, तर आत असलेली एकूण कामं भागिले ठरावीक काळात बाहेर पडणारी कामं. तीस भागिले सहा, म्हणजे पाच आठवडे. पाच आठवड्यांचा फेरा असलेलं काम तुम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसवताय. ते बसणार कसं? इथे कोणाच्या आळसाचा प्रश्नच येत नाही. तीसच्या जागी बारा तिकिटं उघडी ठेवलीत, तर त्याच वेगाने, त्याच माणसांकडून, तेच काम दोन आठवड्यांत बाहेर पडेल. नियम सरासरीचा आहे आणि जितकी कामं येतात तितकीच जातात असं त्यात गृहीत आहे, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. पण दिशा चुकत नाही.

हे पटत नसेल तर एक करून बघा. मागच्या स्प्रिंटमधलं उशिरा संपलेलं कुठलंही एक तिकीट जिरामध्ये (तिकिटं ठेवायचं तुमचं सॉफ्टवेअर) उघडा आणि त्याची हिस्टरी तारखांसकट कागदावर उतरवा. एक नमुना देतो, बहुतेक टीमांमध्ये थोड्याफार फरकाने हेच दिसतं. रिपोर्टला तारखेचा फिल्टर लावायचा होता. सोमवारी काम सुरू, मंगळवारी संध्याकाळी कोड तयार, पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासून (रिव्ह्यू करून) पुढे घ्यावा अशी विनंती. बुधवार-गुरुवार ती कोणी उघडलीच नाही, कारण जो तो आपापल्या तिकिटात बुडालेला. शुक्रवारी दोन कमेंट आल्या. पुढच्या सोमवारी अर्ध्या तासात दुरुस्ती. मंगळवार-बुधवार टेस्टिंगच्या सर्व्हरवर दुसरंच फीचर चढवलेलं. गुरुवारी टेस्टिंग सुरू झालं आणि टेस्टरला प्रश्न पडला की 'पर्यंत' मधली शेवटची तारीख धरायची की वगळायची? क्लायंटला विचारलं. उत्तर आलं शुक्रवारी रात्री. तिकीट बंद झालं त्यापुढच्या सोमवारी.

हाताने केलेलं काम जेमतेम दोन दिवसांचं, गेले दोन आठवडे. बाकीचा सगळा वेळ काम कोणाची तरी वाट बघत पडून होतं. आता तुम्ही त्या डेव्हलपरला कितीही पुश केलंत, तरी फार तर अर्धा दिवस वाचेल. आणि तो अर्धा दिवसही रिव्ह्यूच्या रांगेत उभं राहण्यातच जाईल.

म्हणून पहिला बदल हाच करा: माणशी जास्तीत जास्त दोन तिकिटं, टीमची मिळून बारा. तेरावं उचलायचं तर आधी एक बंद व्हायला हवं. रिव्ह्यू आणि टेस्टिंगमध्ये अडकलेली तिकिटंही याच बारात मोजायची, नाहीतर पोरं 'माझ्याकडून झालंय' म्हणून पुढचं उचलतात आणि ढीग नुसता एका कॉलममधून दुसऱ्यात सरकतो. हे जमलं की बारावरून नऊवर या.

इथे तुमचे मॅनेजर हमखास विचारतील, मग ज्याच्या हातात काम नाही त्याने काय करायचं, माश्या मारायच्या? नाही. त्याने दुसऱ्याचा रिव्ह्यू करायचा, टेस्टरच्या शेजारी बसायचं, अडकलेलं काम सोडवायचं. आणि खरं सांगू का, एखाद्या दुपारी एखादा माणूस तासभर रिकामा बसला तरी काही बिघडत नाही. प्रत्येक जण शंभर टक्के भरलेला असला, की कोणालाच दुसऱ्यासाठी वेळ नसतो, आणि वरच्या तिकिटाची कथा तिथूनच सुरू होते. सकाळी नऊ वाजताच्या लोकलमध्ये इंचभर जागा रिकामी नसते म्हणून दारातल्या माणसाला आत सरकता येत नाही, तसंच आहे हे.

दुसरं, रिव्ह्यू. रोज दोन ठरलेल्या वेळा ठेवा: सकाळी आल्यावर आणि जेवणानंतर, स्वतःचं काम उघडण्याआधी. पुल रिक्वेस्ट लहान ठेवायला लावा. पन्नास ओळींचा बदल टाकला तर दहा कमेंट येतात, आठशे ओळींचा टाकला तर 'लुक्स गुड' येतं. हा विनोद जुना आहे, पण तुमच्या टीममध्ये तपासून बघा. आणि सगळे रिव्ह्यू एकाच सीनियरकडे जात असतील, तर तुमच्या टीमचा वेग म्हणजे त्या एका माणसाचा वेग. ज्युनियरला ज्युनियरचा रिव्ह्यू करू द्या. सीनियरला फक्त जोखमीचे द्या.

स्टँडअपबद्दल, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगबद्दल, तुम्ही लिहिलंय की चाळीस मिनिटं चालतो. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, ही पोपटपंची बंद करा. ज्या स्क्रम गाइडच्या (स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका) नावाने हे तीन प्रश्न रोज विचारले जातात, त्यातूनच ते २०२० च्या आवृत्तीत काढून टाकलेत. वेळ मात्र पंधरा मिनिटंच सांगितली आहे. माणसागणिक फिरण्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. 'टेस्टिंग'मधलं पहिलं तिकीट: हे आज बंद व्हायला काय हवंय, कोण करणार? मग 'रिव्ह्यू', मग 'चालू'. 'करायचं आहे' हा कॉलम वाचूच नका. आठवड्याभरात मीटिंग आपोआप आटोपशीर होते, कारण लोक तुम्हाला हजेरी देणं थांबवतात आणि एकमेकांशी बोलायला लागतात.

आता क्लायंट. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. म्हणजे सकाळी अकराला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी ऑफिसच्या वेळेत मिळणं अशक्यच, आणि उलट एक प्रश्न आला की आणखी एक दिवस गेला. यावर उपाय प्रश्न लिहिण्याच्या पद्धतीत आहे. 'प्लीज क्लॅरिफाय' असं लिहायचं नाही. 'शेवटची तारीख धरायची असं आम्ही समजतो, तसं नसेल तर सांगा, उद्या दुपारपर्यंत काही कळलं नाही तर याच समजुतीवर पुढे जातोय' असं लिहायचं. बहुतेक वेळा 'येस' एवढंच उत्तर येतं. हातात काम घेण्याआधी असे प्रश्न टेस्टरकडूनच काढून घ्या, त्याला ते लवकर दिसतात. तारखेचा तो प्रश्न पहिल्या सोमवारीच पडायला हवा होता.

संध्याकाळच्या कॉलला सहाच्या सहा जण कशाला? दोघे पुरेत, आठवड्याला पाळी लावा आणि त्या दोघांना सकाळी उशिरा येऊ द्या. बाकीच्यांना सातला घरी पाठवा. लीड बसलाय म्हणून पोरं बसतात, हे तुम्हीही ज्युनियर असताना केलं असणार. तेव्हा उठायचं आधी तुम्ही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोर्डावर दिसत नाही. आपल्याकडे 'कधी होईल?' असं विचारलं की 'होऊन जाईल सर, उद्यापर्यंत' हेच उत्तर येतं. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर आहे ते, त्याला तारीख समजू नका. त्यापेक्षा 'यातलं तुला अजून न कळलेलं काय आहे?' किंवा 'आणखी कोणाकडून काय यायचंय?' असं विचारा. आणि कोणी बुधवारीच येऊन म्हणालं, 'शुक्रवारी होणार नाही', तर त्याला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणा. चेहरा एकदा जरी वाकडा झाला, तरी पुढची वाईट बातमी तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी सहालाच कळेल.

मॅनेजर आणखी दोन माणसं देऊ म्हणत असतील तर थांबा. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. कारण साधं आहे: नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, आणि बोलण्याच्या वाटा वाढतात. सहा जणांत जोड्या पंधरा होतात, आठ जणांत अठ्ठावीस. माणसं घ्यायचीच तर स्प्रिंट रुळावर आल्यावर घ्या.

सुट्ट्यांचं एका वाक्यात: टीममध्ये कोकणातली दोन पोरं असतील तर गणपतीच्या स्प्रिंटमध्ये चार माणसांचंच काम घ्या. रजा 'अचानक' येत नाही, ती कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते.

टूलबद्दलही विचारलंय तुम्ही. जिरा आहे ना, पुरे. ट्रेलो असतं तरी पुरलं असतं, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरही हे चालतं. टूल बदलण्यात महिना घालवू नका.

मॅनेजरना सांगताना 'प्रॉडक्टिव्हिटी' या विषयावर वाद घालू नका. महिनाभर मुदत मागा आणि दर सोमवारी त्यांना दोनच आकडे पाठवा: आज उघडी तिकिटं किती, आणि गेल्या आठवड्यात बंद झालेल्या तिकिटांना सुरू झाल्यापासून सरासरी किती दिवस लागले. पहिल्या आठवड्यात 'टीम कमी काम घेतेय' असं त्यांना वाटेल, ते आधीच सांगून ठेवा.

माणशी तिकिटं मोजून रेटिंग द्यायची प्रथा तुमच्याकडे असेल, तर मात्र हे सगळं मार्चपर्यंतच टिकेल. स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसऱ्याचा रिव्ह्यू करणारा, टेस्टरशेजारी बसणारा माणूस त्या यादीत तळाला दिसतो, आणि पुढच्या वर्षी तो तसं करणं सोडतो. कंपनीची पद्धत तुम्ही बदलू शकणार नाही, पण नोंद ठेवू शकता. कोणी कोणाचं अडलेलं काम सोडवलं, हे त्याच दिवशी एका ओळीत तारखेसह लिहून ठेवा आणि रेटिंगच्या मीटिंगला ती वही सोबत न्या. ऐनवेळी काही आठवत नाही.